सुरुवातीचे काही दिवस चांगले नांदविले

"लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस सामनेवाले यांनी अर्जदार हिस चांगले नांदविले. त्यानंतर किरकोळ कारणांवरून अर्जदार हिस शारीरिक व मानसिक त्रास देण्यास सुरुवात केली."

ही दोन वाक्यं मी आयुष्यात किती वेळा टाइप केली असतील याचा हिशोब नाही. इतकी अंगवळणी पडली होती की बोटं आपली चालत राहायची आणि डोकं संध्याकाळच्या भाजीत असायचं.

1996 साली मी कोल्हापुरात एका वकिलांकडे मराठी टायपिस्ट म्हणून लागले. तेव्हा जिल्हा कोर्ट सीपीआर दवाखान्यासमोर होतं. त्याच जागेत आता ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं, आणि जिल्हा कोर्ट कसबा बावड्याच्या रस्त्याला गेलं त्यालाही बरीच वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, त्यामुळे प्रत्येक बाईचं दुःख पहिल्या अक्षरापासून बडवावं लागे. मग कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी सांगितलं, एक नमुना करून ठेव, नुसती नावं बदलायची. तसा केला. नवऱ्याचं नाव, गाव, लग्नाची तारीख, मुलं किती, आणि माहेरून किती हजार आणायला सांगितले तो आकडा. बाकी सगळं तेच. शेवटी "नेसत्या वस्त्रानिशी घरातून हाकलून दिले", हेही ठरलेलं. बाई सलवार-कमीज घालून समोर बसलेली असली तरी अर्जात ती नेसत्या वस्त्रानिशीच बाहेर पडायची.

मला हे लिहावंसं वाटलं ते त्या एका शब्दासाठी. नांदविले.

नांदणं हा खरं तर किती सुंदर शब्द आहे. घरात सुख नांदतं, लक्ष्मी नांदते. लग्नात "नांदा सौख्यभरे" म्हणतो ते दोघांनाही उद्देशून असतं. पण अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवसापासून या क्रियापदाची वाटणी होते. ती "नांदायला जाते". तो नांदायला कुठं जात नाही, तो असतोच. आणि ती नीट नांदली नाही तर प्रश्न येतो की तो तिला "नांदवतो" का? आमच्याकडं बाजारात दोन बायका भेटल्या की लेकीची चौकशी अशीच होते, "नांदवत्यात न्हवं नीट?" जसं बैलाला पाणी दाखवतात का, तसं. पोरगी कर्म, आणि कर्ता सासरचा. मग कधीतरी "नांदवत नाहीत" असं होतं आणि ती माहेरी "आणून सोडलेली" असते. इथंही आणणारा आणि सोडणारा वेगळा.

(कोल्हापूरच्या बायकांच्या व्याकरणाला बाहेरची मंडळी हसतात, कारण आम्ही "मी येतो, मी जातो" म्हणतो. लिहिताना मी "येते" लिहिते, बोलताना अजून "येतो"च तोंडात येतं. पण या बाबतीत आमचंही व्याकरण बाकीच्या महाराष्ट्रासारखंच आहे.)

कोर्टातही हा शब्द दोन्ही बाजूंनी येतो. हिंदू विवाह कायदा 1955चा, त्याच्या कलम 9 खाली नवरा किंवा बायको "नांदायला यावे" म्हणून दावा लावू शकते. कायद्याच्या मराठीत त्याला वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना म्हणतात, कोर्टाच्या आवारात नुसतं "नांदायचा दावा". पोटगीचा अर्ज लागला रे लागला की तिकडून नांदायला येण्याची नोटीस आलीच. दोन्ही कागद टाइप करणारी कधीकधी मीच आणि शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण. आम्ही चहा पिताना कागद जुळवून बघायचो. एकात "हाकलून दिले", दुसऱ्यात "कोणतेही सबळ कारण नसताना निघून गेली".

रखमाबाईंची गोष्ट साहेबांनीच एकदा सांगितली होती, एका दुपारी वीज गेलेली असताना. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी कधी नांदायला गेल्याच नाहीत. नवरा, दादाजी भिकाजी, 1884 साली मुंबईच्या हायकोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, पण 1887 साली दुसऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं की नवऱ्याकडं राहायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढं 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. बाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला दवाखाने चालवले. आता या दाव्यात कुणाला तुरुंगात टाकत नाहीत, एवढा बदल झाला. दावा मात्र आहे.

माझं लहानपण मंगळवार पेठेतल्या एका बोळात गेलं. भिंतीला भिंत लागून घरं. समोरच्या घरात एक आक्का होत्या. आठवड्यातून एक-दोनदा रात्री त्यांच्या घरातून आवाज यायचा. आधी त्याचा, मग भांड्याचा, मग त्यांचा. आमच्या घरात त्या वेळी काय व्हायचं ते मला नीट आठवतं. वडील रेडिओचं बटण फिरवायचे. आई उठून समोरच्या बाजूची खिडकी लावायची. कुणी काही बोलायचं नाही. सकाळी नळावर आक्का पदर कानापर्यंत ओढून यायच्या आणि बायका त्यांना आधी घागर लावू द्यायच्या. नंबर सोडायच्या. आमच्या नळावर नंबरावरून झिंज्या धरण्यापर्यंत भांडणं व्हायची, त्यामुळे नंबर सोडणं ही केवढी गोष्ट होती ते बाहेरच्याला कळायचं नाही. बायका मायाळू होत्या, यात मला शंका नाही. हळद द्यायच्या, पोरांना जेवू घालायच्या. एकदा मी आईला विचारलं, कुणी त्यांना अडवत का नाही? आई म्हणाली, "नवरा हाय. भाईरचा थोडाच मारतोय?"

बाहेरच्यानं मारलं असतं तर अख्खी पेठ धावली असती. तालमीतली पोरं काठ्या घेऊन निघाली असती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

दया भरपूर होती, हळदही होती. तो मारतो तेव्हा आक्कांचं काहीतरी हिरावलं जातंय, जे त्यांचं आहे, नवऱ्यानं दिलेलं नाही आणि म्हणून नवऱ्याला काढून घेता येणार नाही, असा विचार मात्र कुणाच्या मनात आला नसावा. "हक्क" हा शब्द तेव्हा जमिनीसाठी आणि पाण्यासाठी होता.

आणि हे कोल्हापुरात, याचं जास्त वाटतं. 1919 साली शाहू महाराजांनी संस्थानात स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा केला होता. देशाच्या दंडसंहितेत नवऱ्याच्या आणि सासरच्या क्रूरतेचं 498अ कलम आलं ते 1983 मध्ये, चौसष्ट वर्षांनी. आम्ही लोक महाराजांचं नाव दिवसातून दहादा घेतो, पण हा कायदा मला शाळेत कुणी सांगितला नाही. कुस्ती, राधानगरीचं धरण, वसतिगृहं, आरक्षण, सगळं पाठ होतं. हे नव्हतं. आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्यात 2001च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली किती होत्या? 839. नांदायला जाण्यापर्यंत पोचायचंच नव्हतं त्यांना. पुढं सोनोग्राफीच्या मशिनवर नोंद ठेवणारी यंत्रं बसवण्यात हाच जिल्हा पुढं होता, तेही खरं. आमचं असंच असतं. जगात भारी दोन्हीकडून.

2009च्या सुमारास हुपरीची एक बाई आली. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, घराघरात पैंजणं होतात. ही घरी बसून कड्या जोडायची. दोन्ही हातांच्या बोटांवर बारीक बारीक भाजल्याच्या खुणा होत्या, मोहरीएवढ्या, काही जुन्या पांढऱ्या पडलेल्या, काही ताज्या. मी आधी त्याकडंच बघितलं आणि मनात म्हटलं, चला, शारीरिक त्रासाचा मुद्दा पक्का. तिच्या लक्षात आलं असावं. "ह्ये कामाचं हाय," ती म्हणाली, "त्यानं न्हाई क्येलं."

त्यानं तिला कधी हात लावला नव्हता. तिची मजुरी तो परस्पर आणायचा. घरात धान्याच्या डब्याला कुलूप, किल्ली सासूच्या कमरेला. दळणाला किती दिलं ते लिहून ठेवायचा. बाईला माहेरी फोन करायचा असेल तर शेजारी जावं लागे, आणि शेजारी गेली की दोन दिवस तिच्याशी कुणी बोलायचं नाही, पोरांनासुद्धा बोलू द्यायचे नाहीत. अकरा वर्षं. मी नमुना उघडून बसले होते आणि त्यात हे कुठं बसवावं ते कळेना. "लाथाबुक्क्यांनी मारहाण केली" ही ओळ खोडली तर खाली काही उरतच नव्हतं.

तिनं विचारलं, "मारलं तरच लिवायचं व्हय?"

साहेब आतून बाहेर आले, त्यांनी ऐकलं होतं. खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, नमुना बंद कर, नवीन पान घे. त्या दिवशी मला पहिल्यांदा 2005चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा कळला. म्हणजे त्याचे अर्ज मी तीन वर्षं टाइप करत होतेच, कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू होता. पण टाइप करणं आणि कळणं वेगळं. कौटुंबिक हिंसाचार म्हणजे मारहाण तर आहेच, लैंगिक छळ आहे, शिव्याशाप आणि मनाला छळणं आहे, आणि पैशाची कोंडीसुद्धा आहे. तिची मजुरी, तिचं स्त्रीधन, घरखर्चाचा पैसा अडवून धरणं ही हिंसा, असं कायद्यानं स्पष्ट लिहिलंय. आणि कलम 17. ज्या घरात ती नात्यानं राहत आली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घरावर तिचं नाव असो वा नसो. पुढं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही सांगितलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यानं हा हक्क जात नाही.

राहण्याचा हक्क. नांदवून घेण्याचा नव्हे. हा फरक पानावर एका ओळीचा दिसतो, पण अर्ज लिहिताना सगळं वाक्य उलटं करावं लागतं. कर्ता बदलतो.

साहेबांकडं त्या कायद्याच्या विधेयकाचं उद्देशांचं पत्रक होतं. त्याची सुरुवातच अशी आहे की कौटुंबिक हिंसाचार हा निःसंशय मानवी हक्कांचा प्रश्न आहे. मला ते वाचून जरा हसूच आलं. मानवी हक्क म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तुरुंग, युद्ध, परदेशातली माणसं यायची. धान्याच्या डब्याचं कुलूप त्यात कुठून आलं? साहेब म्हणाले, सगळ्या जगाचंही तेच झालं होतं. 1948चा मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता तेव्हा पहिल्याच कलमात इंग्रजीत "सर्व पुरुष" असं वाचता येईल असा शब्द होता. पुरुष म्हणजे माणसंच की, असं म्हणणारे होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या आणि तिथं "मानव" आला. स्त्रियांवरच्या भेदभावाविरुद्ध जगानं 1979 साली वेगळा करार केला, त्यात तर हिंसाचार हा शब्दच नीटसा आला नव्हता. 1992 मध्ये त्या कराराच्या समितीनं लिहून टाकलं की बाईवर बाई म्हणून होणारी हिंसा हाच भेदभाव आहे, आणि घराच्या आत झाली तरी सरकारनं ती थांबवायला हातपाय हलवले नाहीत तर जबाबदारी सरकारचीही. भारतानं त्या करारावर 1993 साली शिक्कामोर्तब केलं.

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मी ठाण्यातून परतलेल्या बायका बघितल्यात. हुपरीचीच बाई आमच्याकडं येण्याआधी एका पोलीस ठाण्यात गेली होती. तिथं तिला पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं, घरातलं आहे, समजुतीनं घ्या, मारत तर नाही ना? बोलणाऱ्याचा सूर चांगला होता, म्हणाली. माझ्या वडिलांचाही सूर चांगलाच होता. रेडिओ लावणारा माणूस वाईट असतोच असं नाही. पण ठाण्यातल्या खुर्चीवर बसून रेडिओ लावला की तो सरकारनं लावलेला असतो.

तिच्या अर्जाचं काय झालं ते सांगते. कायदा म्हणतो की पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. तिला दीड वर्ष लागलं. राहण्याचा आदेश मिळाला, आणि मजुरी थेट तिच्या हातात देण्याचं व्यापाऱ्यानं स्वतःहून मान्य केलं, ते आदेशापेक्षा जास्त कामाला आलं. डब्याचं कुलूप निघालं का, ते विचारायचं राहिलं.

आता "किरकोळ कारणांवरून" याकडं येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या, बायकांना आणि पुरुषांना सात कारणं वाचून दाखवली होती. न सांगता बाहेर गेली, घराकडं पोरांकडं दुर्लक्ष केलं, उलट बोलली, शरीरसंबंधाला नाही म्हणाली, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्यावर संशय आहे, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. यापैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे का? देशातल्या 45 टक्के बायका हो म्हणाल्या. पुरुष 44 टक्के. मी ती यादी वाचली तेव्हा दचकले, कारण ती माझ्या नमुन्यातलीच होती. फक्त शरीरसंबंधाचं आम्ही टाइप करत नव्हतो. बायका सांगायच्या, पण साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर, माझ्या कानाशी येऊन. मी ते "मानसिक त्रास" मध्ये घालायचे. अजूनही बायको अठरा वर्षांची झाली की नवऱ्याच्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा बलात्कार म्हणत नाही. जुन्या संहितेत तो अपवाद होता, जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्यातही ठेवला. माझ्या कानात सांगितलेलं कागदावर कुठं जायचं, हे माझ्या हातात नव्हतं असं मी स्वतःला समजावते.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. आमच्या ऑफिसची पायरी चढलेल्या बायका म्हणजे उरलेल्यातल्या उरलेल्या.

इथवर मी कशी शहाणी होत गेले ते लिहिलं. आता दुसरं.

माझी एक मावसबहीण आहे, माझ्याहून बरीच धाकटी. इचलकरंजीला दिलेली. 2012च्या दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी करंज्या तळत होते. ती म्हणाली, ताई, काल त्यानं हात उचलला. मी गॅस बारीक केला आणि विचारलं, "का? काय झालं?"

का. कारण विचारलं मी. किरकोळ आहे की मोठं, ते बघायला.

मग म्हणाले, बाळ लहान आहे, सणाचे दिवस आहेत, जरा सांभाळून घे, तोही कामाच्या ताणात असेल. कलम 17 मला तोंडपाठ होतं. संरक्षण अधिकारी कुठं बसतात, अर्ज कुठल्या कोर्टात लागतो, वकील मोफत कसा मिळतो, सगळं ठाऊक असलेली बाई मी. तिला मी आईचं वाक्य दिलं, फक्त जरा शुद्ध मराठीत. ती "बरं" म्हणाली. पुढची साडेचार वर्षं तिनं मला त्यातलं काही सांगितलं नाही. आम्ही फोनवर पोराच्या शाळेविषयी बोलायचो. त्या साडेचार वर्षांत तिचा एक दात गेला. मला ती जिन्यावरून पडली असं कळवलं होतं, आणि मी ते मानलं. जिन्यावरून पडलेल्या किती बायकांचे कागद मी टाइप केले होते.

तिनं स्वतःच 2017 मध्ये निर्णय घेतला. मला न विचारता. बरोबरच केलं.

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. सरकारनंही मग इतर गावांना तसं करायला सांगितलं. पेपरात बातमी आली तेव्हा बहीण माझ्याकडंच होती. मला ती बातमी फार आवडली, मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरंय. मेल्यावरचं तरी थांबलं." आणि चहा प्यायला लागली.

मागच्या वर्षी तिनं राजारामपुरीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पोरगा कॉलेजला जाणार म्हणून इचलकरंजी सोडली. मी नोकरी सोडली असली तरी घरी कॉम्प्युटर आहे. भाडेकरार मीच टाइप करायला बसले. घरमालक सज्जन होते. एवढंच विचारलं, मिस्टर कुठं असतात? ती म्हणाली, "मी एकटीच राहतो. पोरगा असतो संगट."

मी लिहून देणार, लिहून घेणार असं सुरू केलं. तिच्या नावामागं सौ. लावू का श्रीमती, विचारलं. "नुसतं नाव टाक," म्हणाली. टाकलं. वय टाकलं. पुढं धंदा. मी मान वर करून घरमालकांशी पाणीपट्टीचं काहीतरी बोलत होते तेवढ्यात बोटांनी सवयीनं पुढचा शब्द टाकलाही होता. घरकाम.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "खोड ते," म्हणाली. "शिवणकाम लिही. चार मशिनी आहेत माझ्या."